तीन सातांची चिठ्ठी

प्रिय दीडशहाणे,

तुझा फोन तीनदा वाजला, मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू रडतेस आणि बोलणं तिथेच राहतं. आता कागदापुढे रड. माझी चौथी यत्ता, ऱ्हस्व-दीर्घ तू सुधारून घे.

गुडघा बरा आहे. तुझ्या आईने पडदे लावलेत, दवाखान्यासारखे हिरवे. त्या दवाखान्यात मी वीस वर्षं फरशी पुसली. औषधखोलीची किल्ली मुकादम कमरेला बांधून जेवायला बसायचा. तू तिथे कॉम्प्युटर सांभाळायला लागलीस, तेव्हा मी शेजारीपाजारी मिरवलं. जेवताना तू सांगायचीस, तुझा एक प्रोग्राम आहे. कोणीही चालवला तरी त्या प्रोग्रामच्या अंगात सगळ्या कॉम्प्युटरांचा मालक येतो, मग तो काहीही पुसू शकतो. दर शनिवारी एक यादी वाचतो आणि त्यातल्या, काम संपलेल्या पेशंटचे कॉम्प्युटरातले कागद पुसून टाकतो. मी विचारलं, ती यादी कुलपात असते ना गं? तू हसलीस. म्हणालीस, सगळ्यांना लिहिता येईल अशी उघडी ठेवलीय, कटकट नको. नाव काय ठेवलंस तिचं? ‘यादी’. बारसं करावं तर तुझ्याकडून.

मग नोंदणीवाल्या बाईंनी रिपोर्ट न्यायला बोलवायच्या एक्केचाळीस जणांची नावं ‘यादी’त लिहून ठेवली. यादी म्हणजे यादी! शनिवारी तुझ्या त्या अंगात आलेल्याने एक्केचाळीसही जणांचे रिपोर्ट साफ केले. एका म्हाताऱ्याच्या पोटातला तुकडा तपासणीसाठी पुन्हा कापून काढावा लागला. तो ओरडला तेव्हा तू कुठे होतीस?

चौकशीत होतीस. तिथे सांगितलंस, बाईंनी मालकाचा पासवर्ड चोरला. चोरायला कुलूप लागतं, सोन्ये. तुझ्या दाराला कडीसुद्धा नव्हती. बाईंना सव्वीस वर्षांच्या नोकरीवरून काढलं. त्या आमच्या पायरीवर बसल्या, चहाला हात लावला नाही. मला विचारत होत्या, “ताई, मी नक्की काय चोरलं?”

तुझ्या इथल्या, घरातल्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली तू घडी करून कागद सारला होतास. झाडताना तो माझ्या हाती आला. तुझंच अक्षर, खाली तारीख: ‘यादी, ७७७, सध्या चालू दे, नंतर बंद करू.’ तीन सातांचा अर्थ कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला विचारला. तो म्हणाला, “आजी, याचा अर्थ या, बसा, हवं ते करा.”

तो कागद मी बाईंना दिलाय. सोमवारी अकराला त्या मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवतील. मी लाडाने तुला सांगत नाहीये, ही वेळ कळवतेय. दहाला स्वतःच्या पायांनी जाऊन खरं बोललीस, तर घरी जेवायला ये. नाहीतर तुझ्याकडची घराची किल्ली शेजारी देऊन जा. आमच्या दाराला कुलूप असतं.

टेबल आता डुगडुगतंय. डुगडुगू दे.

सोमवारी दहापर्यंत तरी तुझीच,
आजी