इर्जिकीच्या आदल्या दिवशी

आत्या, भोंगवलीला, आपल्या दोघींच्या माहेरी, शाळेच्या वाटेवर तुझ्या नावानं सिमेंटचा बाक बसवलाय. त्यावर लिहिलंय, सगळ्यांची लाडकी आत्या, बहीण आणि मैत्रीण. तिन्ही खरं आहे. चौथं नातं तेवढं गाळलं. सासू लिहायला जागा पुरली नसावी. माझ्या भावाचा मुलगा आला होता, म्हणाला, "आत्या, कार्यक्रमात वाचायला तुमची चार वाक्यं द्या. तुमी तर त्यांच्या घरातच होता." मी म्हणाले, घसा बसलाय. बसलेल्या घशाचं माणूसही लिहू शकतं, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. लग्नाआधी मी तुला तू म्हणायचे. अक्षता पडल्या आणि आत्याबाई, अहोजाहो सुरू झालं. आता ना तू सासू, ना मी सून. म्हणून सरळ तूच म्हणते, आणि जे म्हणायचंय ते गोड नाही.

मला लिहिता येतं तेही तुझ्यामुळं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वर बसून हिणवशील. पोरीला शाळेत कशाला, असं माझे वडील, दादा, म्हणाले तेव्हा तू पाटावरून उठलीस. "पोरीला घालणार नसशील तर म्या जेवणार न्हाई," म्हणालीस, आणि भरल्या ताटावरून खरंच उठून गेलीस. बहिणीपुढं दादांचं काय चालतंय! संध्याकाळी कबूल झाले. पंचमीला तू सासरहून, हिर्डोशीहून, चालत यायचीस, भोरात एक मुक्काम करून, आणि आलीस की आमच्या स्वैपाकघराचा नूरच बदलायचा. तू आणि आई जात्याला बसायचा, आणि पीठ कमी, हसणंच जास्त. मी मधे शिरले की दोघी गप्प. "जा गं, पाणी आण," आई म्हणायची. लहानपणी शेण वेचायला बरोबर जायचा तुम्ही, आणि तूच आजोबांना म्हणाली होतीस, भावाला करायची तर हीच करा. म्हणजे माझी आईसुद्धा तूच निवडून आणलेली. तेव्हा मला या गोष्टीचं कोण कौतुक वाटायचं.

मग तुझा डोळा माझ्यावर आला. तुझ्या मुलासाठी मागितलंस. आई कचरली होती. "एवढ्या लांब, डोंगरात?" म्हणाली. तू म्हणालीस, "माझ्या घरात देतीयास, वैऱ्याच्या न्हाई." मी दाराआड उभी राहून खूश होत होते. आत्याच्या घरी जायचं, म्हणजे काय, पंचमीच की रोज! कसली पंचमी? पहिल्याच आषाढात भाताच्या खाचरात उभी केलीस. आम्ही बाजरी-ज्वारीची माणसं, चिखलात पाऊल कधी घातलेलं नाही. साऱ्या बायकांसमोर तू माझी लावलेली ओळ उपसलीस आणि रोपं माझ्या पायाशी टाकलीस. "मेथीची जुडी हाय व्हय ही? परत लाव." बायका खाली माना घालून हसत होत्या. पायाला चिखल्या झाल्या तेव्हा तूच चुलीपुढं बसवून बोटांच्या बेचक्यात एरंडेल चोळलंस. धड रागावूही दिलं नाहीस कधी. एका हातानं मारायचं आणि दुसऱ्यानं तेल लावायचं, आणि दोन्हीचे आभार मी मानायचे.

एवढ्यावर मी तुला माफ केलं असतं. सगळ्याच सासवा करतात. पण पुढच्या आषाढातली ती दुपार. दुसऱ्या दिवशी आपली इर्जिक होती. अख्खी आळी आपल्या खाचरात लावणीला येणार, आणि मजुरी म्हणून आपण पोटभर जेवू घालायचं. ज्यानं इर्जिक घालून मोडली, त्याच्या बांधावर पुन्हा कुणी पाय ठेवत नाही. तुझा मुलगा वेल्ह्याकडं बैल बघायला गेलेला, मामंजी खोकत पडलेले, घरात बायका आपण दोघीच. मी नाचणी पाखडतेय. भोरच्या बाजारातून परतलेला वरच्या आळीचा माणूस ओटीवर उभा आहे, घोंगडीतून पाणी निथळतंय. "भोंगवलीच्या वैनींचं काय खरं न्हाई," तो म्हणतोय. "लेकीला धाडा म्हणून सांगावा हाय." लेकीला. माझ्या दोन्ही कानांनी ऐकलंय. मी सूप टाकलं, आत गेले, एक लुगडं आणि चार भाकरी फडक्यात बांधल्या. तू दारात आलीस आणि ते गाठोडं माझ्या हातातून काढून घेतलंस.

"तू ऱ्हा. उद्या माणसं जेवायची हाईत."

"आई माझी हाय," मी म्हणाले. "तुमचं घर, तुमची इर्जिक, तुमी थांबा की!"

मामंजींचा खोकलासुद्धा थांबला. त्या घरात सुनेनं उलटं बोलायची ती पहिलीच वेळ. वाटलं, आता कानाखाली बसणार. मारलं असतंस तर बरं झालं असतं. "तुझ्या आधी ती माझी हाय," म्हणालीस, आणि माझं गाठोडं काखेत मारून, माझ्या भाकरी घेऊन, माझ्या आईकडं गेलीस.

मी इर्जिक पार पाडली. सकाळपासून लावणीत वाकले, मधेच घरी येऊन भात टाकला, कोंबडीचा रस्सा केला, सगळ्यांना वाढलं. म्हातारे तोंड भरून बोलले, सासू न्हाई तरी पोरीनं काय कमी पडू दिलं न्हाई. मी हो हो म्हणत वाढत होते आणि मनात तुला शिव्या घालत होते. बैल घेऊन तुझा मुलगा आला, त्यानं ऐकलं आणि भाकरीचा तुकडा तसाच ठेवून म्हणाला, "ऊठ, चल." भोराच्या पुलावर आमच्या गावचा एक जण भेटला. त्यानं मान हलवली, तेव्हाच कळलं. घरी पोहोचले तर तू ओट्यावर, दादांचं डोकं तुझ्या मांडीवर, आणि बायका म्हणतायत, नणंदेनं काय केलं हो, अशी नणंद सात जन्मांत मिळायची नाही. आईच्या तोंडात शेवटचं पाणी तू घातलंस. तिचे केस तू विंचरलेस. माझ्या वाट्याला राख आली.

मी विचारलं, आई काय म्हणाली? "काय न्हाई," म्हणालीस. "झोपंतच गेली." आणि शेजारची काकू मागच्या दारी मला सांगते, अगं, शेवटच्या दिवशी दोघी काय आठवून हसत व्हत्या कुणास ठाऊक! आत्या, मरतानाही हसलात तुम्ही, आणि मी नाचणी पाखडत राहिले. मी सारखी विचारत राहिले, लोणी कढवताना, तुझ्या पायाला तेल लावताना. माझं नाव काढलं का? वाट बघितली का माझी? फार चिडलीस तेव्हा एकदाच बोललीस. "ते आमच्या दोघींचं व्हतं. तुला कशाला पायजे?" कशाला पायजे! तुला शरम कशी वाटली नाही गं? शेवटी तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा तुझं हगणंमुतणं मी काढलं, आणि लोक म्हणाले, भाची होती म्हणून केलं. कसली भाची! मी तुझ्या तोंडातून एक वाक्य निघायची वाट बघत होते. शेवटच्या दिवशी मी वाकून विचारलं, आत्याबाई, आई काय म्हणाली होती? तू डोळे उघडलेस, मला नीट ओळखलंस, आणि पेज मागितलीस. मी पेज पाजली. तू गेलीस, आणि ते वाक्य घेऊन गेलीस.

हे कागद कुठं जायचे नाहीत. मेलेल्याला टपाल नाही, आणि जित्यांना हे दाखवलं तर म्हणतील, म्हातारी बाकावर जळते. जळतेच. पण एक सांगायचं राहिलं, ते तेवढं सांगते. परवा अंगणात पाय घसरून पडले. जगात सगळ्यांच्या तोंडातून अशा वेळी आई निघते. माझ्या तोंडातून निघालं, आत्या गं. कायम तेच निघतं.