चारही सिलिंडर पेटले

सर, आज सकाळी माझं इंजिन चालू झालं. चारही सिलिंडर! हाताला अजून तेल लागलंय, म्हणून कागदावर डाग पडलेत. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवला असता, डोळे मिटून आवाज ऐकला असता आणि पहिल्या झटक्यात काहीतरी चूक काढली असती. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण हे सगळं सुरुवातीपासून ज्याला सांगावं असं दुसरं माणूस मला भेटलं नाही. म्हणून स्वयंपाकाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून लिहायला बसलेय.

इंजिन केवढं, तर मी कारखान्यात न्यायची त्या जेवणाच्या डब्याएवढं. पिस्टन माझ्या अंगठ्याच्या जाडीचे. पेट्रोलवर चालतं, आणि ठिणगीचे प्लग सोडले तर जवळजवळ सगळं मी घरी केलंय. नोकरी सोडली तेव्हा इथे जालन्यात घराच्या मागच्या खोलीत जुना लेथ बसवून घेतला. आमचे हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "आता काय करणार ह्याच्यावर?" मी म्हटलं, "चार सिलिंडरचं इंजिन." "कशाला लावायचं?" "कशालाच न्हाई. नुसतं चालवायचं." त्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग आधी त्या खोलीला पंखा लाव. उन्हाळ्यात भाजून निघशील." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पंखा घेऊन आले.

सगळ्यात जीव खाल्ला तो क्रँकशाफ्टने. चार पिस्टनना वरखाली नेणारा तो नागमोडी दांडा मला एकाच सळईतून कोरून काढायचा होता. पहिला केला, शेवटच्या कटाला वाकला. दुसराही तसाच. दुसरा वाकला त्या दिवशी मी लेथ बंद केला आणि स्टुलावर नुसती बसून राहिले. इतके दिवस पाण्यात गेले म्हणून रडूच येत होतं. आणि तिथे बसल्या बसल्या मला आयटीआयचा वर्ग दिसला. तुम्ही आमच्या मशीनच्या रांगेतून फिरताय, हात मागे बांधलेले, आणि म्हणताय, "रफ करा अन् आठ दिवस तसंच राहू द्या. त्याला काय वाकायचंय ते आधी वाकू द्या. मंग फिनिश करा." तिसरा दांडा मी ओबडधोबड काढला आणि साड्यांच्या कपाटात ठेवून दिला. आठ दिवसांनी मोजला तर केसभर वाकलेला! मला इतका आनंद झाला, सर, की वाकलेलं लोखंड बघून मी खोलीत एकटीच हसत होते. मग शेवटचा कट मारला. तो सरळ राहिला.

तुम्ही मला बोललेलंही विसरले नाही. पहिल्या वर्षी चौकोनी भोकात चौकोनी तुकडा बसवायचा होता, मधून उजेड दिसता कामा नये. माझ्या एका बाजूने दिसत होता. मी हळूच हातोडीने कड ठोकून पसरवली, वरून कानस फिरवली आणि तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तो खिडकीकडे धरला, नखाने कड चाचपली. "हे बसलं न्हाई. तू बसवून दाखवलं." सगळ्यांसमोर. मी चार दिवस तुमच्याशी धड बोलले नाही, पण दुसरा तुकडा केला. तुम्ही तो पाहिला, खिशात टाकला आणि चहाला निघून गेलात. पुढे नोकरी लागल्यावर पेढे घेऊन अंबडला तुमच्या घरी आले, तर तो तुकडा तुमच्या टीव्हीवर ठेवलेला! मी बघितलं हे तुम्ही बघितलं, आणि एकदम जेवायच्या गोष्टी काढल्या.

त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात मी तुम्हाला विचारलं होतं, चार सिलिंडर एकामागून एक ओळीने का पेटत नाहीत. काकू भाकरी थापत होत्या. तुम्ही चार वाट्या ओळीत मांडल्या आणि चमच्याने वरण वाढत गेलात: पहिली, तिसरी, चौथी, दुसरी. "असं केलं की झटका बराबर वाटला जातो." काकू म्हणाल्या, "आधी वाट्या इकडं द्या. पोरीला जेवू घालायचंय का शाळा घ्यायचीय?" निघताना तुम्ही मला एक डबा दिलात. आयटीआयने फेकलेले तुटके ड्रिल, एकेक तुम्ही हाताने धार लावलेले. आखूड ड्रिल डगमगत नाही, म्हणालात. या इंजिनाची बारीक भोकं मी त्यांनीच पाडली.

आणि तरी गेला आठवडाभर ते चालत नव्हतं. पहिला आणि चौथा पेटायचे, मधले दोन मेलेले. वरून कार्बोरेटरमधून फट् करून भडका यायचा. प्लग बदलले, व्हॉल्व्ह उघडून पाहिले, काहीच सापडेना. शेवटी आज सकाळी चहा ठेवला आणि ओट्यावर चार वाट्या मांडल्या. शेजारी एक ताटली घेतली, ठिणगी चारही प्लगना वाटणारी चकती म्हणून. ताटलीवर बोट फिरवायला लागले आणि बोट थांबलं. चकती मधल्या गिअरमुळे उलटी फिरते! मी वायरी सुलट्या क्रमाने लावलेल्या. म्हणजे दुसऱ्याची ठिणगी तिसऱ्याला आणि तिसऱ्याची दुसऱ्याला. चहा उतू गेला, सर. मी धावत मागे गेले, दोन वायरी बदलल्या, हातातल्या ड्रिल मशीनने इंजिन फिरवलं. एकदा खोकलं. दुसऱ्यांदा लागलं! आणि मी ड्रिल बाजूला घेतलं तरी ते चालतच राहिलं. आमचे हे टॉवेल गुंडाळून धावत आले, ओरडले, "अगं, चालून राह्यलंय! आपलंआपण चालून राह्यलंय!" शेजारच्या ताई गच्चीवरून विचारतायत कोणाची गाडी आली, आणि मी नुसती हात जोडून उभी, डोळ्यांतून पाणी, नाकात पेट्रोलचा धूर.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही दर वर्षी नव्या वर्गाला माझं उदाहरण द्यायचात, ही पोरगी स्वतःहून टर्नरला, लेथवर काम शिकायला आल्ती म्हणून. तसं नव्हतं, सर. मी शिवणकामासाठी आले होते. तिथल्या जागा भरल्या होत्या. प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, टर्नर चालंल का, आणि टर्नर म्हणजे काय हे माहीत नसताना मी मान हलवली.