वक्ता क्रमांक सात

४ सप्टेंबर, सोमवार

झालं ते आत्ताच लिहून टाकते. उद्यापर्यंत मी स्वतःलाच काहीतरी बरी गोष्ट रचून सांगेन.

आज विभागप्रमुख मॅडम माझा वर्ग बघायला मागच्या बाकावर येऊन बसल्या. पहिल्या वर्षाची पंचवीस मुलं, विषय उच्चार. मॅडमचा अहवाल चांगला गेला तर असिस्टंटशिप पुढच्या वर्षीही चालू. मी या मुलांना शिकवायचं, विभागाने मला फुकट शिकवायचं. वाईट गेला तर भाषाशास्त्राला रामराम!

विभागाच्या संग्रहात सहा आवाज आहेत, ऐकून ओळखायला. मुलांनी ते दहा मिनिटांत फस्त केले. मॅडमनी घड्याळ पाहिलं. मी फोन काढला आणि म्हणाले, हा वक्ता क्रमांक सात, याच्या बोलण्यात काय वेगळं आहे ते सांगा.

आवाज बाबांचा, मला फोनवर पाठवलेल्या निरोपातला. बाबा शिंपी आहेत. कामात असले की ओठांत टाचण्या धरूनच बोलतात, ओठ धड उघडतच नाहीत, निम्मे शब्द हवेत विरतात. 'कोट बेतलाय. माप मागचंच धरलंय. बारीक झाली असशील तर आत्ताच सांग, मग उसवायला लावू नकोस.' एवढंच. सुरुवातीचं 'ठमे, ऐक' वगळून मी पुढून लावलं. बोट आपोआप तिथे गेलं — नाही. मुद्दाम नेलं.

एक म्हणाला, दात नसतील. एक म्हणाली, प्यायलेला आहे. तिसऱ्याने नक्कल केली आणि अख्खा वर्ग खो खो हसला. मी फळ्याकडे तोंड करून हसले. हो, मीही! मग टाचण्यांचं सांगितलं तर टाळ्या पडल्या. आवाज कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

५ सप्टेंबर

अहवाल आला. 'अतिशय कल्पक.' जेवण गेलं नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार

नक्कल करणारा जिन्यात भेटला. सात नंबरचं अजून काही आहे का, म्हणाला. बाबांचे एक्केचाळीस निरोप आहेत फोनमध्ये. शोधते, म्हणाले.

१२ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमना सातवा आवाज विभागाच्या संग्रहात हवाय — कायमचा. दर वर्षी नवी मुलं ऐकणार. त्यासाठी बोलणाऱ्याची लेखी संमती लागते. फॉर्म छोटासा आहे. ओळख गुप्त ठेवतात, म्हणून नाव विचारत नाहीत. वय, व्यवसाय, संशोधकाशी नातं, सही. नात्यातलं माणूस असलं तरी चालतं, नुसतं लिहायचं. म्हणजे अडचण फॉर्मची नाहीच.

"कुठे भेटले तुला हे गृहस्थ?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या गल्लीत दुकान आहे त्यांचं."

खोटं कुठे आहे? दुकान आमच्याच गल्लीत आहे. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत.

इथे बाकीच्यांच्या घरी डॉक्टर, वकील, एकीची आई तर याच विषयाची प्राध्यापक. मला कुणी विचारलं तर मी म्हणते, कापडाचा व्यवसाय. आणि दर सोमवारी याच तोंडाने मुलांना सांगते, कुणाचंही बोलणं हलकं नसतं.

फॉर्म आजच पोस्टात टाकला. सोबत दोन ओळी. नात्याचा रकाना मी कोरा सोडला. त्यांनीच भरावा.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

बाबांचा फोन. फॉर्म मिळाला. खूश! कॉलेजात आपला आवाज म्हणून आईला दोनदा सांगून झालं, समोरच्या न्हाव्यालाही. मग म्हणाले, "पोरं हसली का गं?"

थोडी, म्हणाले मी.

हसणारच, म्हणाले. टाचण्या काढून बोलायला हवं होतं, तुझं काम आहे हे आधी माहीत असतं तर नीट बोललो असतो. माझीच माफी मागितल्यासारखं बोलत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुणाचा आवाज, ते सांगितलंस त्यांना?"

कोट कुठवर आला, मी विचारलं. तिकडे मशीन चालू होतं, ते थांबलं.

"बरं," म्हणाले. आणि जेवतेस ना वेळेवर, असं विचारून फोन ठेवला.

१६ सप्टेंबर

लाज वाटते. आधी त्यांची वाटायची. आता माझी.

२१ सप्टेंबर, गुरुवार

ठरलं. उद्या मॅडमकडे जाऊन सरळ सांगायचं — ते माझे वडील आहेत. फार तर काय, अहवाल फिरवतील. आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा आवाज कापला नाही.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळीच फॉर्म आला. वय एकसष्ट. व्यवसाय शिवणकाम. सही एरवी पूर्ण नावाची करतात, आडनावासकट. या वेळी नुसती वेडीवाकडी रेघ ओढलीय. संशोधकाशी नातं — 'गिऱ्हाईक'.

मॅडमच्या खोलीच्या आधी ऑफिस लागतं. तिथल्या बाईंनी फॉर्म वाचला आणि विचारलं, "नात्यातले नाहीत ना?"

नाहीत, म्हणाले मी. त्यांनी शिक्का मारला.