शांततेची साफसफाई

४ मार्च
नोकरी लागली! बसून खायची नव्हे, बसून ऐकायची. ध्वनिपुस्तकांचा स्टुडिओ आहे. वाचक काचेच्या खोलीत पुस्तक वाचतात आणि मी हेडफोन लावून त्यांचे श्वास, खाकरणं, ओठांची चटचट कापते. मुख्य वाचक इतके धापा टाकतात की मी त्यांचं नाव इंजिनकाका ठेवलंय. राहायला ताईकडे आलेय. तिने खिडकीजवळचा पलंग दिला आणि घोरलीस तर बाहेर काढीन, असं बजावलं. मी खूश आहे.

२१ मार्च
मालक म्हणतात, दोन वाक्यांमधली शांतता पुसायची नाही, साफ करायची. तिच्यातही खोलीचा बारीक आवाज असतो, तो गेला तर ऐकणाऱ्याला कान बंद पडल्यासारखं होतं. काम जमतंय. झोप मात्र येत नाही. मैत्रिणींचे फोन घ्यायचा कंटाळा येतो. जेवताना तुझं लक्ष कुठे असतं, असं ताई विचारते.

९ मे
इंजिनकाकांच्या दोन वाक्यांमध्ये एक पुरुष बोलला. ती आता आवाज वाढवते आहे, असं म्हणाला. मी खरंच वाढवत होते. मालकांना ऐकवलं. त्यांनी बराच वेळ कान दिला आणि पंखा असेल म्हणाले. मी हसून वेळ मारून नेली.

२ जुलै
हेडफोन काढला तरी तो बोलतो. भांडी घासताना, जिन्यावर. माझ्याशी नाही, माझ्याविषयी. ती पाणी पिते आहे. ती ताईकडे संशयाने बघते आहे. मला संशय नव्हता, त्याने सांगितल्यावर आला. मालक पंखा म्हणाले त्याच दिवशी ताई त्यांच्याशी फोनवर बोलली होती. आता सगळं लख्ख दिसतंय.

२८ ऑगस्ट
एका कादंबरीतून त्याची सगळी वाक्यं शोधून कापली. आज मालकांनी ती लावून दाखवली. नायिका दार उघडते आणि पुढच्याच क्षणी म्हातारी झालेली असते. मी इंजिनकाकांची वाक्यं कापली होती, शांतता जशीच्या तशी ठेवली होती. मूळ प्रत होती म्हणून निभावलं. मालक ओरडले नाहीत. त्यांनी ताईला बोलावून घेतलं. त्यांच्या न ओरडण्याचीच भीती वाटली.

२० सप्टेंबर
ताई मला मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेते, आज दुसरी भेट. पहिल्या वेळी त्यांनी खूप विचारलं. आवाज माझ्याशी बोलतो की माझ्याबद्दल, माझे विचार इतरांना कळतात असं वाटतं का, झोप, नशापाणी. हे कधीपासून, ते ताईला वेगळं विचारलं. दुसरं काही कारण नाही ना म्हणून रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला. आज नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. म्हणजे एका अंगात दोन माणसं का, असं मी विचारलं. म्हणाल्या, तो लोकांचा गैरसमज, इथे मेंदूला आतलं आणि बाहेरचं वेगळं करता येत नाही. यात माझी चूक नाही. गोळ्या नेमाने घेतल्या तर पुष्कळजण पुन्हा कामाला लागतात. ऐकून बरं वाटलं, रडूच आलं. घरी येताना तो म्हणाला, ती फसली.

२९ सप्टेंबर
गोळी जिभेखाली धरते. मग बेसिनमध्ये. ताईला कळतं, ती नुसती बघते. तो म्हणतो, गोळीत ताईने काहीतरी — हे लक्षण आहे. मला माहीत आहे हे लक्षण आहे. माहीत असून सुटता येत नाही. ओळखणारी मीही त्याच डोक्यात कोंडलेली —

४ ऑक्टोबर, सकाळ
आतून कडी लावलीय. ताई दाराबाहेर बसलीय. म्हणते, जबरदस्ती करणार नाही, गोळी आणि पाणी इथेच ठेवलंय, हवं तर आधी मी पाणी पिऊन दाखवते. तिचा आवाज खरा आहे. बहुतेक खरा. दोघं एकदम बोलतात, मग —

दुपार
उघडणार. हे मी ठरवलं, त्याने नाही. मला बरं व्हायचंय. मी उठते. मी कडीला हात — ती कडीला हात लावते आहे. ती थांबते. ती परत येऊन लिहायला बसते. बाहेरून हाका येताहेत. तिला त्या ऐकू येत नाहीत. तिला आता फक्त मी