जावयाला दिवे

२४ मे, रविवार

घात झाला!

अधिक मासाचं जेवण होतं, विंचूरला, सासऱ्यांकडे. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली, मामा एकटेच असतात. त्यामुळे धोंडे शुभांगीनेच केले. म्हणजे माझ्याच बायकोच्या हातचं खायला मी पन्नास किलोमीटर गेलो! जेवून आडवा झालो. उठून बघतो तर मामा गोठ्यापुढे उभे, शेजारी एक मिस्त्री, आणि माझ्या गाडीचे दिवे भर उन्हात लखलखतायत.

"अधिकात जावयाला दिवा द्यायचा असतो. चांदीचा दिला तर कपाटात ठेवाल. म्हनलं, गाडीलाच देऊ. एलईडी हाय, लय लांब फेकतो!"

शुभांगीने टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या.

"गाडीला उजेड नाही, अंधाराच्या आत घर गाठायला हवं" — लग्नापासून दर वेळी पाच वाजता मी हे म्हणत आलोय. चहा झाला की किल्ली. रात्रीचं जेवण नाही, मुक्काम नाही, मामांनी विहीर कशी खणली ती गोष्ट तिसऱ्यांदा नाही. इतकी बिनखर्चाची सबब शोधून सापडायची नाही. आणि ती सासऱ्यांनी स्वखर्चाने घालवली. ओळखलं की काय त्यांनी?

३१ मे, रविवार

काल ऑफिस सुटल्यावर निघालो. शुभांगीचा हुकूम — "आता अंधाराचं कारण नको."

रस्ता दिसतो, कबूल. खड्डे तर इतके स्वच्छ दिसतात की आधीच बरं होतं म्हणावं. समोरचा प्रत्येक जण डिपर मारतो. निफाडच्या पुढे एका टेम्पोवाल्याने काच खाली करून माझ्या आईची चौकशी केली.

मामा गेटपाशीच उभे. "फाट्यावरच वळखली गाडी!" देणगीदार देणगीची पाहणी करत होते, दुसरं काय. रात्री विहीर खणून झाली — दोनदा. भात इतक्या आग्रहाने वाढला की निम्मा ताटाबाहेर.

७ जून, रविवार

पुन्हा विंचूर. पुन्हा गेट. पुन्हा विहीर.

११ जून, गुरुवार

द्वारका चौकातल्या राजू मेकॅनिककडे गेलो आणि पूर्वीसारखे पिवळे बल्ब घालून घेतले. तो बघतच राहिला. "साहेब, लोक उजेड वाढवायला येतात!" म्हटलं, समोरच्याच्या डोळ्यांवर येतो रे, माणुसकी म्हणून. शुभांगीला सांगितलं — उडाले, चायना माल. माणुसकी तिला पटली नसती.

थोडं वाईट वाटलं. मग बरं वाटलं.

१३ जून, शनिवार

शुभांगी म्हणते, "हळू चालवा, पण उद्या संध्याकाळी जायचंच. आणि बाबांना दिव्यांचं बोलू नका, मनाला लावून घेतील." शेवटी तडजोड — चहा घेऊन लगेच परत. जमलं!

१४ जून, रविवार

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मामा गेटपाशी उभे, नजर फाट्याकडे. मी गाडी अगदी त्यांच्यापुढे नेऊन थांबवली, काच खाली केली. ते जवळ आले. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "भाऊ, गाडी जरा बाजूला घ्या. लेक-जावई यायचेत माझे. पांढऱ्या दिव्याची गाडी हाय. अंधारात तेवढीच कळती मला आता."



मी गाडी बाजूला घेतली.