इटलीच्या डॉक्टरबाईचे आभार

३ फेब्रुवारी, राजापेठ
गुड्डीचे ओठ आज पुन्हा निळे झाले. जिना चढली फक्त. जन्मापासून काळजाले छेद हाय तिच्या. अकोल्याच्या शिबिरात इटलीची डॉक्टरबाई येनार, तीच ठरवनार कोनाचं ऑपरेशन होते न् कोनाचं नाई. शिबिराच्या सिस्टरचा फोन आला. बाईचे आभार तिच्या भाषेत मानजा म्हने, बरं वाटते त्याईले. मोबाईलवर आवाज भरून पाठोला. 'ग्रात्सिए' म्हनजे बरोबरीच्याले. मोठ्या मान्साले 'ला रिंग्रात्सिओ'.
मी सातवी शिकेल. जीभच वळत नाई.

५ फेब्रुवारी
भांडे घासता घासता तेच. ला रिंग्रात्सिओ, ला रिंग्रात्सिओ. हे हासले, "पोळी जळून राहिली ना, इटलीवाली!" लय दिसानं हासले घरात. गुड्डी तं माह्यापेक्षा साफ म्हनते.
आपल्यात कोन म्हनते असं? आभार मानले म्हनजे परकं केलं, माय म्हने. पन बाई परकीच हाय न.

८ फेब्रुवारी, बार्शीटाकळी
उद्या शिबिर. सासूकडे, आत्याबाईकडे मुक्काम. मोर्शीहून माह्या बाबानं संत्रे पाठोले बाईसाठी. आत्याबाईनं माही घोकनी आयकली न् भडकल्या. "काम व्हाच्या आंधी आभार मानतेत काय व? नवस बी पावल्यावरच फेडतेत. पोट्टीले नजर लावतं काय?"
सिस्टर म्हनते मान. ह्या म्हनतेत नको. मले भेव वाटून राहिलं. पोट्टीच्या छातीवर हात ठेवला तं कसं धडधडून राहिलं.

९ फेब्रुवारी
डॉक्टरबाई नाई म्हनली.
फुप्फुसात दाब लय वाढला. आता कापलं तं टेबलावरच जाईन म्हने. बाई तिच्या भाषेत बोले, सिस्टर मराठीत सांगे. न् माह्या तोंडातून निंगालं, ला रिंग्रात्सिओ. हात जोडून. घोकलेलं होतं, निंगालं.
याच्यावर 'प्रेगो' म्हनतेत, सिस्टरनं सांगतलं होतं. बाईनं एक संत्र सोललं, पैली फोड गुड्डीच्या तोंडात देल्ली. गुड्डी पटकन म्हने, "ग्रात्सिए." बरोबरीच्याले म्हनतेत तसं.
बाईनं तोंड फिरोलं.

१० फेब्रुवारी
मी आत्याबाईले म्हनलं, तुमी म्हनल्या होत्या. त्या रडल्या. "मी काईबी बोलते व माय, मी अडानी. माह्या बोलन्यानं काई होत नसते." मंग माह्या डोक्शाले तेल लावत बसल्या.
होत नसते तं मंग काहून झालं?

१६ फेब्रुवारी, राजापेठ
सिस्टरचा फोन. बाईनं गुड्डीचे कागद तिकडे नेले, मोठ्या डॉक्टरले दाखोते म्हने. गोळ्या लिहून देल्ल्या. दाब उतरला तं पाहू. होईन असं नाई म्हनली.
सिस्टर म्हने, "ताई, आयकून राहिल्या न?"
आयकून राहिली होती. शब्द दाताखाली धरून ठेवला होता. गुड्डीले बी बजावलं, आता तो शब्द म्हनाचा नाई.
गोळी गिळली तिनं. मले पाहून राहिली.
"मंग कधी म्हनाचा, आई?"