सावडीचा बैल

गारखेडा, ५ एप्रिल १९५२

ती. आक्काच्या सेवेशी काकासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

राज्य बदललं, शाळेत आता सगळं मराठीतून शिकवायचं. उर्दूत शिकलेला तुझा भाऊ मराठी शब्द हुडकत फिरतोय! हेडमास्तरांनी गावाकडचे शब्द जमवायला सांगितलेत. मी ‘सावड’ म्हणालो, तर शहरातले मास्तर दचकले. त्यांना सावडणं म्हणजे तिसऱ्या दिवशीची राख तेवढी ठाऊक. मूळ अर्थ ‘गोळा करणं’ असावा, असा माझा अंदाज. तुमच्याकडं काय म्हणतात ते कळव.

दुसरं, तुझे दीर पुंजारामभावजी भेटले होते. दाजी गेल्यावर एका बैलावर तू रान कसं करणार? रान भावजींना बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दे आणि इथं आमच्याकडं राहायला ये. तू आम्हाला जड नाहीस.

धाकट्या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा काकासाहेब


फुलंब्री, २० एप्रिल

चि. काकासाहेबास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मास्तर झालास अन् सावड इसरलास व्हय? अरे, एक बैल माझा, एक तुझा, मिळून औत. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. माघात यांची राख सावडली, तेव्हा सारं गाव आलं. आता औताच्या सावडीला कुणी येईना. भावजींनी सगळ्यांना आडवून ठेवलंय, त्यांना रान पाहिजे.

मग मी धनगरवस्तीवरच्या बानाबाईला विचारलं. तीही एकटी, एका बैलाची. लगेच व्हय म्हणाली. पण घोळ असा, की माझा सर्जा जन्मभर जुवाला उजवीकडं चाललाय, अन् तिचाही बैल उजवाच. भावजी पारावर हसले म्हणं. हसू दे. रान मी बटईनं देणार नाय.

बहिणीचा राग धरू नको.

तुझी आक्का


गारखेडा, २ मे

ती. आक्कास सा. न. वि. वि.

भावजींना निरोप धाडला, की रान आक्काच करणार. पण चालता बैल बाजू बदलत नाही, असं आपले बाबा म्हणायचे. मला तुझी लई काळजी वाटते.

तुझ्या मायेचा, काकासाहेब


फुलंब्री, ३० जून

चि. काकासाहेबास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सर्जाला डावीकडं जुंपला, तर त्यानं जू मोडायची पाळी आणली. मी म्होरं चालायची, बानाबाई मागं. कासऱ्यानं हात सोलले. उन्हाळाभर त्यानं आम्हाला दमवलं, पण मृगात तिफन चालली. आधी बानाबाईचं रान पेरलं, मग आपलं. भावजी बांधावर येऊन उभे राहिले, पेरणी बघून माघारी गेले.

तुझ्या शब्दापुढं एवढं लिही: सावडीत कुणाला तरी बाजू बदलावी लागते. सर्जानं बदलली, मीही बदलली.

गारखेड्याला येईन, पण राहायला नाय. माझ्या रानातली बाजरी घेऊन, पाहुणी म्हणून येईन.

तोवर बहिणीची आठवण ठेव.

तुझी आक्का, साळूबाई